स्कॉट्सडेलची पायपीट (सायकलीसह)

स्कॉट्सडेल हे अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स महानगराचे पूर्वेकडचे उपनगर होय. सोनोरन वाळवंटात ते दक्षिणोत्तर सुमारे पन्नास किलोमीटर पसरले आहे. क्षेत्रफळ ४७७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे; लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार २,४१,३६१. मुंबईएवढ्या जागेत अडीच लाखांहून कमी माणसे राहू लागली की दोन माणसांमधले अंतर पायी कापता येत नाही. त्यासाठी मोटार लागते, मोटारीसाठी रस्ता लागतो, आणि रस्ता एकदा सहापदरी झाला की समोरच्या दुकानातून दूध आणायलाही मोटारच काढावी लागते. अशा गावात चालणे हे कुठे तरी पोहोचण्याचे साधन उरत नाही, त्याची सहल होते. तिला आगाऊ नोंदणी लागते, वाटाड्या लागतो, तिकीट लागते, आणि शेवटी वाटाड्याच्या हातावर बक्षिसीही ठेवावी लागते.

या सहलींचे दोन प्रकार आहेत. पायी सहल 'ओल्ड टाउन' नावाच्या जुन्या गावठाणापुरती असते. सायकलवरची त्याबाहेरच्या उरलेल्या सगळ्याची. दोन्हींत वाटाडे घोडे, काउबॉय आणि कलादालने यांबद्दल भरभरून बोलतात. पाण्याबद्दल कमी बोलतात, कारण या गावात पाणी दाखवण्याची वस्तू नव्हे, ते नळाला येते. तरीही नकाशा उलगडून पाहिला तर असे दिसते की चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला मोटारीपासून सुटून जाता येईल अशा बहुतेक लांब वाटा पाण्याच्या कडेने जातात. कुठे कालव्याचा काठ, कुठे पुराचा ओढा, कुठे कोरड्या नदीचे पात्र. वाळवंटातले हे पर्यटन म्हणजे मुळात पाटबंधाऱ्यांची पाहणी होय. फक्त ती टोपी आणि गॉगल घालून करतात.

सहलींचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात मिनेसोटा, इलिनॉय आणि कॅनडातून बर्फाला कंटाळलेली ज्येष्ठ मंडळी ऊन खायला येतात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. मार्चमध्ये बेसबॉलचे संघ सरावाला येतात आणि त्यांच्यामागे त्यांचे चाहते. मे महिना लागला की हे सगळे उठून जातात, आणि मागे राहतात ते ज्यांना जायला दुसरे गाव नाही.

उन्हाळ्याचे आकडे फिनिक्सच्या विमानतळावर नोंदवले जातात. २६ जून १९९० रोजी तेथे पारा ५० अंश सेल्सिअसवर गेला आणि काही विमानांची उड्डाणे थांबवावी लागली, कारण एवढ्या उष्णतेत विमान कसे उडेल हे सांगणारे आकडे वैमानिकांच्या तक्त्यांतच नव्हते. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिले. चंद्रपूर-अकोल्याच्या वाचकाला या आकड्यांचे विशेष वाटणार नाही. त्याला विशेष वाटेल ते गावकऱ्यांच्या ठरलेल्या सांत्वनाचे: 'पण ही कोरडी उष्णता आहे.' कोरड्या उष्णतेत घाम येतो पण दिसत नाही, येताच उडून जातो. त्यामुळे आपण दमलो आहोत हे चालणाऱ्याला अनेकदा जमिनीवर आडवे झाल्यानंतर कळते. तेव्हा जमीनही तापलेली असते. दर उन्हाळ्यात डांबरावर पडून भाजलेले रुग्ण फिनिक्सच्या रुग्णालयांत दाखल होतात. कुत्र्यांना बूट घालून फिरवतात. परगावच्या पाहुण्याला सुरुवातीला हा श्रीमंती थाट वाटतो. स्वतःची चप्पल तापली की मत बदलते.

अमेरिकेतली बहुतेक राज्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे संध्याकाळी उजेड अधिक वेळ मिळतो. अ‍ॅरिझोनाने हा प्रयोग १९६७ मध्ये करून पाहिला आणि पुढच्याच वर्षी सोडून दिला. (उत्तरेकडची नवाहो जमातीची भूमी मात्र आजही घड्याळ फिरवते.) उन्हाचा एक तास वाढवून द्या, असे अ‍ॅरिझोनात कोणीच म्हणत नव्हते. उन्हाळी सहल म्हणूनच पहाटे पाचला निघते आणि आठच्या आत आटोपते. सोबतच्या पाण्याबाबत स्थानिक नियम साधा आहे: अर्धी बाटली संपली की परत फिरायचे, जिथे असाल तिथून. हा नियम सर्वांना ठाऊक असतो. उरलेली अर्धी बाटली संपल्यावर तो आठवतो, म्हणून शेजारच्या कॅमलबॅक डोंगरावरून उन्हात अडकलेल्या गिर्यारोहकांना उतरवायला हेलिकॉप्टर पाठवावे लागते. अती उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी फिनिक्सची पालिका तेथील वाटा भर दिवसाच्या तासांत बंदच ठेवते.

पायी सहल ओल्ड टाउनमध्ये विनफिल्ड स्कॉट यांच्या पुतळ्यापाशी थांबतेच. स्कॉट हे लष्करातले पाद्री. १८८८ मध्ये त्यांनी येथे ६४० एकर जमीन घेतली आणि संत्री, अंजीर, ऑलिव्ह लावले. संत्र्यांच्या बागांवरून वस्तीला आधी ऑरेंजडेल म्हणत. १८९४ मध्ये तिचे स्कॉट्सडेल झाले. संत्र्यांनी तक्रार केल्याची नोंद नाही. स्कॉट दूरदृष्टीचे होते असे वाटाडे सांगतात, ते खरेच आहे. पण दृष्टीला फार दूर जावे लागले नसावे. त्यांच्या येण्याच्या तीनच वर्षे आधी, १८८५ मध्ये, अ‍ॅरिझोना कालवा पुरा झाला होता, आणि त्यांची जमीन नेमकी कालव्याच्या खालच्या अंगाला होती.

पुढचा थांबा १९०९ सालची लाल विटांची दोनखोल्यांची शाळा. हिच्यात आता स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे. मग मेक्सिकन कुटुंबांनी स्वतःच्या हातांनी मातीच्या विटा पाडून १९३३ मध्ये बांधलेले पांढरे चर्च. जवळच कॅव्हलियर यांचा लोहारकाम कारखाना. १९१० च्या सुमारास हा लोहार आला तेव्हा ऐरणीचा आवाज नको म्हणून गावाने त्याला वेशीबाहेर जागा दाखवली, असे सांगतात. गाव नंतर वाढत वाढत त्याच्याभोवती गेले, आणि लोहार जागचा न हलता गावाच्या मध्यात आला. गावकीच्या निर्णयांचे आयुष्य किती असते हे पाहायचे असेल तर ओल्ड टाउनमध्ये याहून बरी वास्तू नाही.

या तीन खऱ्या इमारतींच्या भोवती जे काही दिसते, म्हणजे लाकडी फळ्यांच्या दर्शनी भिंती, घोडे बांधायचे खांब, छज्जे, दोन झडपांची झुलती दारे, ते बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. पाहुण्यांना 'वेस्टर्न' गाव पाहायला आवडते हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले आणि स्कॉट्सडेलने 'वेस्टमधले सर्वांत वेस्टर्न गाव' असे ब्रीद घेतले. त्यानुसार दुकानांना एकोणिसावे शतक चढवण्यात आले. त्याच सुमारास गावात मोटोरोलाचा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आला. म्हणजे दिवसा ट्रान्झिस्टर जुळवणारा माणूस संध्याकाळी घोडा बांधायच्या खांबाला टेकून उभा राही. खांब आजही आहेत. त्यांना टेकून आता लोक मोबाईल पाहतात.

रस्टी स्पर नावाच्या मद्यालयाची इमारत मात्र अस्सल १९२१ सालची. फरक इतकाच की तेव्हा ती बँक होती. महामंदीत, १९३३ मध्ये, बँक बुडाली. पुढे तिथे मद्यालय आले, आणि बँकेच्या तिजोरीच्या खोलीत दारू ठेवू लागले. ठेवी सुरक्षित राहण्याच्या दृष्टीने हा बदल सुधारणाच म्हटला पाहिजे, कारण या तिजोरीतला माल रोज बाहेर जातो आणि कोणीही तक्रार करत नाही.

यानंतर पायी सहल कलेकडे वळते. गावात कलादालने पुष्कळ आहेत, आणि गुरुवारी संध्याकाळी ती उशिरापर्यंत उघडी ठेवण्याची प्रथा जुनी आहे. चित्रांचे विषय दोन: घोडा, आणि घोड्याशिवाय सूर्यास्त. उघड्यावरची शिल्पे जास्त धीट आहेत. मेन स्ट्रीटवर एक काउबॉय उधळलेल्या घोड्यावर कायमचा उधळतो आहे, आणि नगरपालिकेजवळ रॉबर्ट इंडियाना यांची 'लव्ह' ही चार अक्षरे दोन मजल्यांत उभी आहेत. त्यांच्यापुढे लग्न ठरलेली जोडपी फोटो काढतात. लग्न झालेली जोडपी सावली शोधतात.

सावलीचा प्रश्न येथे गंभीर आहे. हॉटेलांच्या ओसऱ्यांवर बारीक नळ्यांतून पाण्याचे तुषार सोडतात, त्यामुळे गिऱ्हाइकांना गार वाटते आणि पापड असलाच तर तो मऊ पडतो. ज्यांना तेही सोसत नाही ते फॅशन स्क्वेअर या १९६१ मध्ये सुरू झालेल्या मॉलमध्ये शिरतात. सकाळी दुकाने उघडण्याआधी मॉलच्या लांब बोळांतून फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक हे अमेरिकन उपनगरांत सर्रास दिसणारे दृश्य आहे. वाळवंटात त्याला अधिक बळकट कारण मिळते, इतकेच.

मॉलला लागूनच अ‍ॅरिझोना कालवा वाहतो, आणि येथून सायकलीची हद्द सुरू होते.

या खोऱ्यात कालवे खोदण्याची कल्पना गोऱ्या वसाहतवाल्यांची नव्हे. होहोकाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी सॉल्ट नदीपासून शेकडो किलोमीटरचे पाट लाकडी आणि दगडी अवजारांनी खोदले, कित्येक शतके शेती केली, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांच्या वस्त्या ओस पडल्या. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या साहसी गृहस्थाने कंपनी काढली आणि हेच जुने पाट उपसायला घेतले. उद्ध्वस्त वस्तीवर नवे गाव उभे राहणार म्हणून राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव सुचवले गेले, ते फिनिक्स. पुढे १९११ मध्ये रूझवेल्ट धरण झाले आणि पाणी बारमाही आले.

कालव्याच्या दोन्ही काठांना देखरेखीचे रस्ते असतात. पाटबंधाऱ्यांची गाडी त्यांवरून अधूनमधूनच जाते. उरलेला वेळ ते पळणारे, चालणारे, सायकलवाले आणि कुत्री यांच्या ताब्यात असतात. पाण्यात कर्मचारी असतात. हे कर्मचारी म्हणजे 'व्हाइट आमूर', आपल्याकडचा गवत्या मासा. कालव्यात शेवाळ आणि पाणवनस्पती माजू नयेत म्हणून कालवे सांभाळणाऱ्या सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टने १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची नेमणूक केली. पोटभर गवत खाणे एवढेच त्यांचे काम. वंश वाढू नये म्हणून ते वांझच निवडले जातात. गळाला लागलाच तर मासा पुन्हा पाण्यात सोडणे बंधनकारक आहे, कारण कामावर असलेल्या नोकराला तळून खाणे कोणत्याही नियमात बसत नाही. थंडीत कालव्याचा एखादा टप्पा दुरुस्तीसाठी कोरडा करतात, तेव्हा माणसे जाळी घेऊन पाण्यात उतरतात आणि या माशांना हाकत दुसऱ्या टप्प्यात नेतात. बदलीच्या जागी राहायची, जेवायची सोय असते. इतकी चांगली सेवा-शर्त दोन पायांच्या कर्मचाऱ्यांना क्वचितच मिळते.

याच काठावर वास्तुविशारद पाओलो सोलेरी यांचा पादचारी पूल आहे. सोलेरी इटलीहून १९४० च्या दशकात येथे आले, राहिले, वाऱ्याने वाजणाऱ्या घंटा ओतून विकल्या, आणि त्या पैशांवर मोटारविरहित शहराचे स्वप्न दूर उत्तरेच्या माळावर बांधत राहिले. स्कॉट्सडेलने त्यांना २०१० मध्ये एक पूल दिला. सोलेरींनी आयुष्यभर अनेक पुलांची चित्रे काढली होती. प्रत्यक्षात उभा राहिलेला त्यांचा पूल हाच. याच्या दोन उंच स्तंभांमधून माध्यान्हीला उन्हाची एक तिरीप खाली पट्ट्यावर पडते आणि ऋतुमानाप्रमाणे सरकते. हा क्षण घड्याळात साडेबाराच्या आसपास येतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि ही योजना तिच्या ऐन भरात असते, तेव्हा पाहायला तिथे सहसा कोणी नसते.

कालव्यावरून सायकल इंडियन बेंड वॉश या हरित पट्ट्यात उतरते. 'वॉश' म्हणजे एरवी कोरडा असलेला आणि पावसात अंगावर येणारा ओढा. हा ओढा गावाला मधोमध चिरत जाई. पूर आला की अर्धे गाव अलीकडे आणि अर्धे पलीकडे. १९६० च्या दशकात लष्कराच्या अभियंत्यांनी उपाय सुचवला: ओढ्याच्या जागी खोल, रुंद काँक्रीटचा नाला. तांत्रिकदृष्ट्या योजना निर्दोष होती. गावकऱ्यांना मात्र आयुष्यभर गटाराच्या काठी राहणे पसंत नव्हते. त्यांनी उलटा विचार मांडला: पुराला जागाच द्या, आणि पूर नसेल त्या दिवसांत ती जागा आपण वापरू. जून १९७२ मध्ये मोठा पूर आला तेव्हा हा विचार अनेकांना अधिक चांगला समजला. आज तेथे सुमारे अठरा किलोमीटर लांबीची हिरवळ, तळी, क्रीडांगणे आणि गोल्फची मैदाने आहेत, आणि त्यांच्यातून जाणारी सायकलवाट मोठ्या रस्त्यांना खालून ओलांडते. सहापदरी रस्त्याखालून सायकलवाला सिग्नलशिवाय निघून जातो आणि वर मोटारी लाल दिव्यापाशी उभ्या असतात. गावात सायकलवाल्याला श्रेष्ठत्वाची भावना मिळण्याची ही एकमेव जागा असल्याने काही जण तीच फेरी पुन्हा मारतात.

पूरनियंत्रणाच्या कामांत इतके शहाणपण सहसा सापडत नाही, म्हणून या पट्ट्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. बाकांवर बसायचे, बदकांना पाव घालू नये ही पाटी वाचायची, आणि मग भुयारी वाटेच्या तोंडाशी असलेली दुसरी पाटी वाचायची: 'पाणी असताना प्रवेश करू नये.' कडक उन्हात, धुळीने भरलेल्या कोरड्या भुयारापाशी ही पाटी विनोदी वाटते. अ‍ॅरिझोनातही मॉन्सून असतो. हवामान खात्याने तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरवून दिला आहे. वर्षभरात मिळून वीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो. कोकणात तेवढा एका दिवसात पडून लोक कामावर जातात. पण येथे तो पडतो तेव्हा कडक जमिनीत मुरत नाही, सरळ ओढ्यात धावतो. त्याआधी कधी कधी 'हाबूब' नावाची धुळीची भिंत येते, डोंगराएवढी उंच. सायकलवाल्याने तिच्याशी वाद घालू नये. पुराच्या पाण्यात अडथळे ओलांडून मोटार घालणाऱ्यांसाठी राज्याने १९९५ मध्ये कायदाच केला: सुटकेचा खर्च त्या चालकाकडून वसूल करता येतो. बोलीत या कायद्याला 'मूर्ख चालक कायदा' असे नाव पडले आहे. कायद्याची नावे इतकी नेमकी ठेवण्याची प्रथा अन्यत्र पडलेली नाही.

सायकलवाल्याचा खरा शत्रू पूर नव्हे, गोखरू होय. आपल्या माळरानावर अनवाणी फिरणाऱ्याला ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही तेच हे काटेरी फळ. वनस्पतीचे मूळ जुन्या जगातले; अमेरिकेत ती कधी तरी पाहुणी म्हणून गेली आणि तिकडे चांगलीच रुजली. आयुर्वेद तिला औषध मानतो, सायकल दुरुस्तीवाले तिला आधार मानतात. वाटेच्या कडेला पिवळी नाजूक फुले दिसली की स्थानिक सायकलवाला मध्यावर सरकतो, पाहुणा सायकलवाला फोटो काढायला कडेला सरकतो. भाड्याच्या सायकलींच्या ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारा चिकट द्रव भरलेला असतो तो यासाठीच.

हरित पट्टा दक्षिणेला टेम्पी गावाच्या तळ्यापर्यंत नेतो. हे तळे म्हणजे कोरड्या सॉल्ट नदीच्या पात्रात १९९९ मध्ये भरलेले पाणी. ते अडवायला हवा भरलेले रबरी बांध वापरले होते. जुलै २०१० मध्ये त्यांतला एक फुटला आणि तळ्यातले बहुतेक पाणी रातोरात निघून गेले. ऊन आणि कोरडी हवा लागून रबर खराब झाले होते. चाकातली हवा गेलेला सायकलवाला टेम्पीला पोहोचतो तेव्हा त्याला हा इतिहास विशेष दिलासा देतो. आता तेथे पोलादी दारे आहेत.

परतीला क्रॉसकट कालव्याची वाट धरली तर पापागो पार्कचे लाल खडक लागतात. एका टेकडीवर पांढरा पिरॅमिड आहे. त्यात अ‍ॅरिझोना राज्याचे पहिले गव्हर्नर जॉर्ज हंट आणि त्यांचे कुटुंबीय विसावले आहेत. याच परिसरात दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौसैनिकांची युद्धकैदी छावणी होती. कैद्यांनी चेंडूच्या खेळासाठी मैदान सपाट करायची परवानगी मागितली. पहारेकऱ्यांना जर्मन लोकांची खेळाची आवड पाहून समाधान वाटले आणि त्यांनी अवजारे दिली. मैदानावर रोज नवी माती पसरत होती. ती ५४ मीटर लांबीच्या भुयारातून येत होती. २३ डिसेंबर १९४४ च्या रात्री पंचवीस जण कालव्यापाशी बाहेर पडले. त्यांतल्या तिघांनी घडीची नाव बनवली होती. नकाशात सॉल्ट आणि गिला या नद्या ठसठशीत निळ्या रेषेने काढलेल्या होत्या. नावेत बसायचे, गिलातून कोलोराडोत जायचे आणि मेक्सिको गाठायचे, अशी योजना. अटलांटिक महासागर पाणबुडीतून पालथा घातलेली ही माणसे नाव खांद्यावर घेऊन नदीवर पोहोचली तेव्हा नदीत चिखल आणि डबकी होती. अ‍ॅरिझोनात नदी हा भूगोलाचा विषय आहे, पाण्याचा असेलच असे नाही, हे छावणीत कोणी सांगितले नव्हते. सगळे फरारी पकडले गेले, कोणाचा जीव गेला नाही. त्यांचा म्होरक्या युर्गेन वाटेनबेर्ग सर्वांत शेवटी, २८ जानेवारी १९४५ रोजी फिनिक्सच्या रस्त्यात सापडला. या भागातून जाणारी आजची सायकलवाट उत्तम डांबरी आहे आणि तिच्यावर नाव नेण्यास मनाई नाही.

इतिहास संपला की वस्ती लागते, आणि वस्तीतून सायकल हाकणे हा वेगळाच अभ्यास आहे. एकेक मैलावर हमरस्ता, त्याच्या चौकटीत विटकरी रंगाच्या भिंती, भिंतींच्या आत वळणे घेणाऱ्या गल्ल्या आणि त्यांत मातकट रंगाची घरे. रंग कोणता चालेल हे घरमालकांची संस्था ठरवते. मातकट रंगाच्या पुष्कळ छटा उपलब्ध आहेत. अंगणात गवताऐवजी खडी पसरलेली असते. पाणी वाचावे म्हणून ही पद्धत पडली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तर स्कॉट्सडेलने नव्या घरांच्या पुढच्या अंगणात खरे गवत लावायलाच बंदी केली. निर्णय शहाणपणाचा आहे. त्याच गावात हिवाळा आला की गोल्फ मैदानांवर नवे गवत पेरून हिरवेगार करतात, हा मुद्दा वाटाडे स्वतंत्र सहलीसाठी राखून ठेवतात. आठवड्यातून एकदा पाठीवर यंत्र बांधलेली माणसे येतात आणि मोठ्या आवाजात हवा सोडून खडीवरचा पाचोळा उडवतात. तो शेजारच्या खडीवर जातो. तिथली माणसे दुसऱ्या दिवशी येतात.

अंगणात एखादा सवारो असतो. हा सोनोरन वाळवंटातला उंच निवडुंग. त्याला पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात आणि तो दीडशेहून अधिक वर्षे जगू शकतो. राज्याच्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. १९८२ मध्ये फिनिक्सजवळ एका माणसाने मौज म्हणून एका उंच सवारोवर बंदूक चालवली. सवारोचा तुटलेला हात त्याच्या अंगावर पडून तो जागीच ठार झाला. निवडुंगावर खटला भरण्यात आला नाही. काही सवारो मात्र इतर सवारोंहून अंमळ सरळ, अंमळ गुळगुळीत आणि शंका येण्याइतके निरोगी दिसतात. ते मोबाईलचे मनोरे असतात. पक्षी त्यांवर बसतात पण घर करत नाहीत.

या गल्ल्यांत पायी चालणारी माणसे क्वचित दिसतात, आणि दिसली तर त्यांतले एक जोडपे भारतातून आलेले असण्याचा चांगला संभव असतो. फिनिक्स परिसरातल्या संगणक आणि चिप कंपन्यांत मराठी मुले-मुली बऱ्याच आहेत, आणि त्यांचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. बाबांच्या पायात पांढरे बूट, आईंच्या पंजाबी ड्रेसवर स्वेटर. वाटाड्याला जे तिकीट लावून दाखवावे लागते ते सगळे या जोडप्याने आठवड्याभरात फुकट पाहिलेले असते. 'अहो, इथं माणसं राहतात तरी का?' हा त्यांच्या पाहणीचा पहिला निष्कर्ष. दुसरा अधिक मूलगामी असतो: चाळीस अंशांचे खणखणीत ऊन, हवेत दमटपणा नावाला नाही, आणि एकाही घरासमोर वाळत घातलेले कपडे नाहीत. कपडे आत, विजेच्या यंत्रात वाळतात. अनेक वसाहतींच्या नियमांना दोरी खपत नाही. ज्या उन्हात कुरडया दोन तासांत कडक वाळतील ते ऊन असे वाया जाताना पाहून होणारे दुःख इंग्रजी पर्यटन-पुस्तिकांत कुठेही नोंदलेले नाही.

गावाच्या दक्षिण भागात पूर्वेला पिमा रोड ही हद्द. रस्त्याच्या या बाजूला घरे, दुकाने, पार्किंग; त्या बाजूला सॉल्ट रिव्हर पिमा-मारिकोपा या मूलनिवासी समाजाची भूमी, आणि तीवर बऱ्याच ठिकाणी अजून शेते. उपनगर असे फूटपट्टीने कापल्यासारखे थांबलेले दुसरीकडे सहसा दिसत नाही.

उत्तरेला जायचे तर चढ आहे आणि अंतर खूप. तेथे बॅटरीच्या सायकलीची लाज वाटण्याचे कारण नाही. वाहनांनी सायकलीपासून किमान तीन फूट अंतर राखावे असा राज्याचा कायदा आहे. टोकाशी टॅलिएसिन वेस्ट. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ मध्ये येथे ओसाड पायथा विकत घेतला आणि शिष्यांना हाताशी धरून दगड-वाळूतून घर आणि कार्यशाळा उभारली. शिष्य तंबूत राहत. शिक्षणाचा तो भाग समजला जाई. पुढे दरीत विजेच्या तारा आल्या आणि देखावा बिघडला. राइट यांनी थेट राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे तक्रार केली. तारा राहिल्या. तेव्हा राइट यांनी घराचे तोंडच डोंगराकडे फिरवले, असे सांगतात. २०१९ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे. राइट यांचेच नाव दिलेला हमरस्ता तिच्या खालून जातो, तो अर्थातच अनेकपदरी आहे. त्यावरच्या एका खरेदी-केंद्राच्या कोपऱ्यात राइट यांनी १९५७ मध्ये राज्याच्या विधानभवनासाठी कल्पिलेला निळसर मनोरा २००४ मध्ये उभारण्यात आला. आमदारांनी नाकारलेली वस्तू पार्किंगने स्वीकारली.

टॅलिएसिनच्या पलीकडे मॅकडोवेल डोंगरांची राखीव भूमी, तीस हजार एकरांहून मोठी. ती बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून मतदारांनी १९९५ मध्ये स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला. अमेरिकेत हे घडले, म्हणून दोनदा सांगावे लागते.

ओल्ड टाउनमध्ये रात्री आणखी एक सायकल दिसते: दहा-पंधरा जण समोरासमोर बसून पेडल मारतात, मधोमध बार, आणि सुकाणू एका शुद्धीवरच्या माणसाच्या हाती. पेडल मारणाऱ्यांना आपणच गाडी चालवतो आहोत असे वाटते. या वाहनाचा वेग इतका मंद असतो की शेजारून चालणारा माणूस गप्पांत सहभागी होऊ शकतो.

सहल आटोपून परतणाऱ्यासाठी सार्वजनिक वाहतुकीची माहिती थोडक्यात अशी. फिनिक्स, टेम्पी आणि मेसा या गावांतून विजेची रेल्वे जाते. स्कॉट्सडेलने ती वेळोवेळी नाकारली आहे. बस आहे. तिच्या नाकावर सायकल अडकवायची चौकट असते; ती भरलेली असेल तर पुढच्या बसची वाट पाहावी, आणि बाटलीत पाणी किती आहे ते आधी पाहून घ्यावे. गावाची ट्रॉली फुकट आहे. मात्र तिच्यासाठी रूळ शोधत बसू नये: ती बसच आहे, काही गाड्यांना फक्त ट्रॉलीचा वेश चढवलेला असतो.